रंगवलेलं कापड कापवतच नाही, क्विल्ट कधी होणार?

निळी_शाई

बरेच दिवस इथे नुसती वाचत असते, आज पहिल्यांदाच धागा काढतेय, काही चुकलंमाकलं तर सांभाळून घ्या.

मी गेलं दीड वर्ष पूर्णवेळ कापडाचं काम करतेय. म्हणजे सुती कापड स्वतः रंगवायचं आणि त्याचे आर्ट क्विल्ट करायचे, गोधडीसारखेच तीन पदर टाक्यांनी जोडलेले, पण भिंतीवर लावायचे, पांघरायचे नाहीत. नोकरी होती तेव्हा सुट्टीच्या दिवशी बसून वर्षाला तीन-चार तरी पूर्ण व्हायचे. आता सगळा दिवस माझाच आहे तर दीड वर्षात झालेत दोन, आणि त्यातल्या एकाच्या कडा अजून उघड्याच आहेत.

दिवस कसा जातो ते सांगते. सकाळी उठल्या उठल्या आदल्या दिवशी रंग लावून ठेवलेल्या पिशव्या उघडायच्या (दिवसातला सगळ्यात भारी क्षण, ह्याच्यासाठी मी गजराशिवाय उठते), मग गार पाण्यात खळबळायचं, मग गरम, परत गरम, परत गरम, तोवर दुपार. वाळत घातलं की वाटतं हात निळे झालेच आहेत, बरणीत रंग उरलाय, त्यात धुण्याचा सोडाही कालवलेला आहे, तर अजून दोन मीटर टाकूनच देऊ. ते टाकलं की घमेली घासा, फरशी पुसा, संध्याकाळी कालच्या कापडांना इस्त्री करा. इस्त्री करताना एकेक तुकडा उजेडात धरून बघत बसते, घडी घालते, कपाटात पिवळ्यापासून काळ्यापर्यंत ओळीने लावते. संपला दिवस. मशीनवरचं कव्हर काढलं नाही असे आठवडेच्या आठवडे गेलेत.

आणि खरी गोम अशी की कपाट भरलंय पण त्यातलं काही कापवत नाही. प्रत्येक तुकड्याला वाटतं की हा फार छान उतरलाय, ह्याला साजेसं काही सुचलं की मगच कापू. एक बर्फावर रंगवलेला तुकडा आहे (कापडावर बर्फ, त्यावर रंगाची भुकटी, बर्फ वितळेल तसा रंग उतरतो), जांभळा फुटून एकीकडे गुलाबी आणि दुसरीकडे निळा पसरलाय, मधे करड्याच्या रेषा, तसा परत जन्मात होणार नाही. त्याला कात्री लावायची म्हटलं तर पोटात गोळा येतो.

वर अजून एक, फुशिया (गडद गुलाबी) आणि टरक्वॉईज (हिरवट निळा) हे रंग धुऊन धुऊन संपतच नाहीत. सात-सात पाणी काढते तरी आठवं गुलाबीच. पहिल्या क्विल्टमधे लाल शेजारच्या पांढऱ्यात उतरला, मिठाच्या पाण्यात भिजवून झालं, व्हिनेगर घालून झालं, काही फरक नाही.

तुमचा दिवस कसा असतो? तुम्ही कापता कसं? की मी मुळात रंगारीच आहे आणि उगाच क्विल्टवाली म्हणवून घेतेय?

टाचणी

रुमाल टाकून ठेवतेय, सावकाश लिहीन. माझ्याकडे दोन कपाटं आहेत एवढंच सांगते.

घमेलंभर_रंग

आधी धुण्याचं बोलतो कारण ते सोपं आहे. तुमचा दुसरा प्रश्न माझ्या आवाक्यातला नाही, माझीही बायको विचारते हे सगळं कशासाठी.

तुम्ही प्रोसिऑन एमएक्स जातीचे रंग वापरताय असं धरून चालतो, फुशिया-टरक्वॉईज म्हणताय म्हणजे तेच असणार. हे रंग धाग्यावर नुसते बसत नाहीत, सुताच्या रेणूशी रासायनिक बंध करतात, म्हणून पक्के. 1956 साली आयसीआय कंपनीने ते बाजारात आणले, पर्किन ह्या इंग्रज रसायनतज्ज्ञाच्या जांभळ्याला, म्हणजे पहिल्या गाजलेल्या कृत्रिम रंगाला, तेव्हा बरोबर शंभर वर्षं झाली होती. पण गंमत अशी आहे की हा रंग जसा सुताशी बंध करतो तसाच पाण्याशीही करतो. सोडा पडला की दोन्ही शर्यती एकदम सुरू होतात. पाण्याशी जुळलेला रंग मेला, तो सुताला आता कधीच लागणार नाही, पण कापडात अडकून बसतो आणि रंगासारखाच दिसतो. तुम्ही धुऊन काढताय तो हा मेलेला रंग. तो पक्का करायचाच नसतो, बाहेर काढायचा असतो. मीठ-व्हिनेगर तिथे काय करणार? मिठाचं काम रंगवताना, रंगाला पाण्यातून कापडाकडे ढकलायचं. व्हिनेगर लोकर-रेशमावरच्या आम्ल रंगांना लागतं. सुतावर ह्या रंगांना लागतो अल्कली, म्हणजे धुण्याचा सोडा (खाण्याचा नव्हे, ही चूक मी स्वतः केलीये आणि सगळं कापड फिक्कं पडलं होतं).

आता तुमचं आठवं पाणी गुलाबी का. पहिलं पाणी गारच हवं आणि भरपूर हवं, सोडा आणि मीठ पूर्ण निघेपर्यंत. मीठ कापडात शिल्लक असेल तोवर मेलेला रंगसुद्धा धाग्याला चिकटून राहतो, आणि सोडा असताना एकदम गरम पाणी घातलं तर तिथल्या तिथे शेजारच्या रंगावर डाग पडतात. हात लावून बघा, बुळबुळीत लागतंय तोवर सोडा आहे. बुळबुळ गेली की मग गरम, आणि गरम म्हणजे नळाचं कोमट नाही, 60 अंशाच्या वर, हात घालवणार नाही असं. त्यात पाच मिनिटं खळबळून काढू नका, तासभर बुडवून ठेवा, जमलं तर रात्रभर. मेलेला रंग धाग्याच्या आतून हळूहळू बाहेर येतो, त्याला वेळ आणि उष्णता लागते, तुमच्या हाताची मेहनत लागत नाही. तुम्ही सात वेळा घाईने धुता त्यापेक्षा गरम पाण्यात तीन वेळा निवांत भिजवलं तर कमी पाण्यात जास्त रंग निघतो. पाणी जड असेल तर अजून त्रास, त्यातला चुना रंगाला धरून ठेवतो.

टरक्वॉईजचं वेगळं. त्याचा रेणू मोठा, तो बाकीच्यांपेक्षा सावकाश लागतो आणि त्याला उबही जास्त लागते. खोली थंड असेल तर तो निम्मा लागायच्या आतच तुम्ही पिशवी उघडता आणि मग वाटतं धुऊन संपत नाही. 21 अंशांच्या खाली मी रंगवतच नाही. थंडीत पिशव्या जाड पांघरुणात गुंडाळून ठेवतो, 24 तास हात लावत नाही. फुशियाचं उलट, तो घाईने झडप घालतो, म्हणून तर तुमचा जांभळा, म्हणजे फुशिया आणि निळ्याचं मिश्रण, फुटून दोन रंग झाला.

झालंय का बघायचं तर ओलं रंगीत कापड पांढऱ्या सुती तुकड्यावर ठेवून वरून गरम इस्त्री दाबा. खालच्या पांढऱ्यावर ठसा उठला तर अजून आहे. हे क्विल्टमधे शिवायच्या आधी करायचं.

रेशीमगाठ_७

मी तर कायम शेवटी मिठाच्या पाण्यात बुडवते, माझा रंग कधीच जात नाही. जुन्या लोकांना काही कळत नव्हतं का?

घमेलंभर_रंग

ताई, तुमचा रंग जात नाही कारण तुम्ही आधी नीट धुता. मीठ फुकटचं श्रेय घेतंय. एकदा अर्धं कापड मिठात आणि अर्धं बिनमिठाचं असं करून बघा, मी केलंय.

रेशीमगाठ_७

बघते. पण मीठ सोडणार नाहीये :)

उसवणारी

निळी शाई, अगं तुझा दिवस वाचून मला माझी पहिली तीन वर्षं आठवली, शब्द न् शब्द. अगं-तुगं करतेय, चालेल ना?

तू म्हणतेस सगळा दिवस माझा आहे. तो तुझा नाहीये, तो सोड्याचा आहे. सोडा कालवला की घड्याळ सुरू. सोडा घातलेला रंग काही तासांत मरतो म्हणून तू "उरलाय तर टाकून देऊ" म्हणत परत भिजवतेस, मग ते उद्या धुवायलाच लागतं, धुताना परत काहीतरी उरतं. हे चक्र कापडावर चालत नाही, उरलेल्यावर चालतं. मी ते असं तोडलं की रंगात सोडा घालायचाच नाही. कापड आधी सोड्याच्या पाण्यात भिजवायचं (लिटरला 60 ग्रॅमच्या आसपास, अर्धा तास), पिळून घ्यायचं, आणि रंग वेगळ्या बरणीत नुसत्या पाण्यात. नुसत्या पाण्यातला रंग गार जागी ठेवला तर चांगला आठवडाभर टिकतो, सोड्याचं पाणी तर कितीही दिवस राहतं. आता उरलं तर उरलं, झाकण लावायचं आणि बाहेर पडायचं. (रंगाच्या बरण्या खाण्याच्या फ्रिजमधे ठेवू नकोस आणि रंगाचे चमचे-भांडी परत स्वयंपाकात न्यायचे नाहीत, तुला माहीत असेलच. आणि कोरडी भुकटी मोजताना मास्क! ती भुकटी नाकात जाऊन जाऊन एखाद्याला कायमची ॲलर्जी होते, मग हा धंदाच बंद. माझ्याबरोबर शिकलेल्या एकीला सोडून द्यावं लागलं.)

दुसरं मी काय केलं की ओला आठवडा आणि कोरडा आठवडा वेगळे केले. रोज थोडं रंगवायचं आणि रोज थोडं शिवायचं हे मला कधीच जमलं नाही, ओल्या हाताने कोणी मशीनला बसत नाही आणि एकदा ॲप्रन चढवला की तो उतरत नाही. महिन्यातले पाच-सहा दिवस ओले, तेव्हा मी माणसांत नसते, नखं काळी, फोन प्लास्टिकच्या पिशवीत. काय रंगवायचं ते आधी वहीत लिहिलेलं असतं. म्हणजे ह्या क्विल्टला मातकट हिरव्याच्या सहा छटा हव्यात, मग 4 टक्क्यांपासून (कापडाच्या वजनाच्या 4 टक्के रंग) सुरू करून प्रत्येक बरणीत निम्मं निम्मं करत जायचं, 4, 2, 1, अर्धा, पाव, अर्धपाव. हिशोब सोपा आहे, 1 टक्क्याचं द्रावण म्हणजे लिटरला 10 ग्रॅम, मग 100 ग्रॅम कापडाला 2 टक्के पाहिजे तर 200 मिली घे. तुकडा वहीला स्टेपल, शेजारी आकडे, त्या दिवशी खोली किती गरम होती तेही. सातव्या दिवशी घमेली वरच्या फळीवर, आणि मी मुद्दाम स्टूल लागेल अशी फळी निवडलीये, आळसाचा उपयोग होतो.

कोरडे दिवस कंटाळवाणे असतात, त्याची तयारी ठेव. रंगवण्यात रोज सकाळी बक्षीस मिळतं, पिशवी उघडली की काहीतरी नवीन. क्विल्ट तीन आठवडे वाईटच दिसतो. भिंतीवर तुकडे टाचून ठेवलेत, एकही बरोबर वाटत नाही, मग तीन पदर जमिनीवर पसरून वीतभर अंतरावर सेफ्टी पिना लावत गुडघ्यांवर रांगायचं, मग मशीनखाली तो सगळा गठ्ठा ढकलायचा, बॉबिन नेमकी मधे संपणार. मी माझं नाव उगाच उसवणारी ठेवलेलं नाही. गेल्या वर्षी चार फुटी क्विल्टवर मोकळ्या हाताने मशीनची शिलाई करत होते, मशीनचे कापड पुढे सरकवणारे दात खाली केलेले, मस्त लय लागली होती, दोन तासांनी उलटं करून बघते तर मागे अस्तरावर नुसती जाळी, वरचा दोरा ताणाच्या चकतीत बसलाच नव्हता. पुढून दिसायला अगदी ठीक. तीन दिवस उसवलं. उसवताना एक कळलं की जिथे टाके दाट होते तिथे कापड आक्रसून चांगलं बोटभर आत आलं होतं, म्हणून तेव्हापासून मी कडेने चार बोटं जास्त धरते आणि शेवटी ओलं करून, चौकोनात ताणून, टाचण्या मारून वाळवते.

तर तू रंगारी आहेस की क्विल्टवाली ते मला नाही सांगता येणार, पण तुझा दिवस बक्षिसांनी भरलाय एवढं दिसतंय.

टाचणी

"तुझा दिवस बक्षिसांनी भरलाय", बाई गं. लागलं.

तिसरा_पदर

मी जरा उलटं बोलणार आहे.

वेळेचा प्रश्न नाहीये हा. उद्या तुम्ही ओला-कोरडा आठवडा पाळायला लागलात तरी कोरड्या आठवड्यात कपाटासमोर उभ्या राहाल आणि काहीच कापणार नाही. कारण तुमचा प्रत्येक तुकडा आधीच चित्र आहे. अख्ख्या मीटरभर कापडावर सगळं घडून गेलंय, गुलाबी, निळा, करड्या रेषा, उजेड, अंधार. आता त्यात क्विल्टने करायचं काय? बर्फावरचं कापड कापलं की त्याचे तुकडे शेजारच्यांशी भांडतात, सगळेच हिरो. माझ्याकडे अशा सात-आठ क्विल्टांची रास पडलीये ज्यात प्रत्येक तुकडा सुंदर आणि एकूण काहीच दिसत नाही. डोळा ठरतच नाही कुठे.

म्हणून माझं म्हणणं कंटाळवाणी कापडं रंगवा. एकरंगी, जरा मळकट, एकाला दुसऱ्याने उठाव देणारी. नॅन्सी क्रो ह्या अमेरिकन क्विल्ट कलाकार बाईंची कामं बघा, त्या स्वतः रंगवलेली साधी कापडं वापरतात आणि पट्टी न लावता थेट रोटरी कटरने, म्हणजे गोल फिरत्या पात्याने, कापतात. 1979 ला क्विल्ट नॅशनल हे प्रदर्शन सुरू करणाऱ्यांमधल्या त्या एक. त्यांच्या क्विल्टमधे एकटं कापड उचलून बघितलं तर काही नाही, शेजारी ठेवलं की ठिणगी. आणि एकरंगी कापड कापायला हात आखडत नाही हा फायदा तर आहेच.

दुसरी गोष्ट अमेरिकेत अलाबामातल्या जीज् बेंड ह्या वस्तीतल्या बायकांची. 2002 साली ह्यूस्टनच्या म्युझियममधे त्यांच्या क्विल्टचं मोठं प्रदर्शन झालं आणि जगभर नाव झालं. त्यातले बरेच क्विल्ट शेतावर घालून विरलेल्या कपड्यांचे आहेत, गुडघ्यावर पॅन्ट फिकी पडली तो फिकेपणा तसाच्या तसा डिझाईनमधे आलाय, खिसा काढला तिथला गडद चौकोनही. तिथे कापडाला जपून ठेवण्याचा प्रश्नच नव्हता, ऊब पाहिजे होती. मी हे गरिबीचं कौतुक म्हणून सांगत नाहीये, तसं करणारे लोक मला आवडत नाहीत. पण कापड जपायचं नाही म्हटल्यावर हात किती मोकळा होतो ते त्या क्विल्टमधे दिसतं.

आणि रंगापेक्षा उजेड-अंधार बघा. भिंतीवर तुकडे लावलेत की फोनवर ब्लॅक अँड व्हाईट फोटो काढा. त्यात सगळं एकसारखं करडं दिसलं तर रंग कितीही छान असू दे, लांबून तो क्विल्ट म्हणजे एक डाग. बहुतेक रंगवणाऱ्यांच्या कपाटात मध्यम छटा उदंड असतात, अगदी फिक्कं आणि अगदी काळं सापडत नाही. तुमच्याकडे बघा असंच निघेल.

निळी_शाई

बापरे, एका दिवसात एवढं! सगळ्यांचे आभार, उसवणारी ताई तू हक्काने अगं म्हण.

कपाटाचा फोटो ब्लॅक अँड व्हाईट करून बघितला. तिसरा पदर, तुम्ही माझं कपाट कधी बघितलंत? सगळं करडं. पिवळा सोडला तर एकाही कप्प्यात फिक्कं काही नाही आणि ज्याला मी काळा म्हणत होते तो फोटोत जांभळ्याच्या जवळपासच आहे.

इस्त्रीची टेस्टही केली. "झालेली" म्हणून घडी घालून ठेवलेल्या कापडांपैकी पाचातल्या तीनांनी ठसा सोडला. म्हणजे आता परत धुणं आलं, पण ह्यावेळी रात्रभर गरम पाण्यात सोडून झोपणार. तो पहिला क्विल्ट, लाल उतरलेला, त्याचं आता काही होऊ शकतं का? आणि बर्फाच्या तुकड्याचं काय करू ते कोणीच सांगितलं नाही.

घमेलंभर_रंग

होऊ शकतं. तो क्विल्ट मोठ्या टबात, अख्खा बुडेल एवढ्या गरम पाण्यात, भांडी घासायचा लिक्विड साबण जरा जास्तच घालून बारा तास ठेवा. वर काही तरंगायला नको, वजन ठेवा. पाणी रंगीत झालं असेल तर ओतून परत तसंच, पाणी नितळ राहीपर्यंत. मधे वाळू देऊ नका आणि ब्लीचच्या जवळ जाऊ नका. मेलेला रंगच आहे तो, पांढऱ्याशी त्याचा बंध झालेला नाही, फक्त तिथे जाऊन बसलाय, उठवता येतो. आतलं भरण सुती आहे ना? लोकर असेल तर गरम पाण्यात अजिबात चोळू-पिळू नका, आटेल.

उसवणारी

बर्फाचं कापड कापायचं कशाला? अख्खं वापर. तोच तुझा दर्शनी पदर, खाली भरण, खाली अस्तर, आणि तीन पदरांतून फक्त टाके. क्विल्ट म्हणजे तुकडेच जोडले पाहिजेत असं कुठे आहे, पदर आणि टाके पाहिजेत. करड्या रेषांच्या कडेकडेने दाट शिव आणि गुलाबी मोकळा सोड म्हणजे तो फुगून वर येईल.

तिसरा_पदर

मला हे पटत नाही. ही पळवाट आहे, कापायचं टाळायची अजून एक सोय. टाक्यांनी त्या कापडाला काय नवीन मिळणार? त्यापेक्षा बरोबर मधून कापा, एक अर्धा परत रंगात बुडवा.

टाचणी

मधून कापा?? तुम्ही माणूस आहात का :D

बरं, सावकाश लिहीन म्हटलं होतं ते आता लिहिते. मी दोन कपाटवाली. माझ्यापुरता उपाय असा निघाला की प्रत्येक नवीन कापड वाळून आलं की त्याच दिवशी त्याच्या एका कोपऱ्याची वीतभर पट्टी कापून ठेवायची. कारण काही नाही, नुसती कापायची, वहीत लावायला म्हणून. एकदा कात्री लागली की ते कापड "अख्खं" राहत नाही आणि मग भीती जाते. त्या पट्ट्यांचा डबा भरला की पट्ट्याच जोडून लहान लहान काहीतरी करते, पोस्टकार्डाएवढं. वर्षात मोठं एक होतं पण लहान तीसेक होतात, आणि जे काही विकलं जातं ते ह्यातलंच. दोन कपाटं आहेतच अजून, ते खोटं बोलत नाही.

आणि हो, कपाटात ठेवलंस तर घड्या अधूनमधून बदलत जा, नाहीतर घडीच्या रेषेवर कापड विरतं. पूर्ण झालेला क्विल्ट तर घडी करूच नकोस, नळीवर गुंडाळ, दर्शनी बाजू बाहेर. उन्हात लावू नकोस. म्युझियमवाले कापडाला 50 लक्सच्या (लक्स म्हणजे उजेडाचं माप) वर उजेड देत नाहीत म्हणून तिथे एवढा अंधार असतो, मला आधी वाटायचं वीज वाचवतात.

निळी_शाई

तीन आठवड्यांनी येतेय, धागा वर आणल्याबद्दल माफी.

लाल उतरलेला क्विल्ट चार वेळा भिजवला. पहिल्या दोन पाण्यांचा रंग बघून रडूच आलं होतं, पण चौथं नितळ. पांढरा परत पांढरा झालाय, एका कोपऱ्यात अगदी नीट बघितलं तर किंचित गुलाबी झाक आहे ती मी सोडून दिली.

घमेली वरच्या फळीवर गेली. नऊ दिवस काहीच रंगवलं नाही, पहिले चार दिवस नुसती चिडचिड, सकाळी उठून उघडायला पिशवीच नाही. पाचव्या दिवशी मशीनचं कव्हर काढलं, तेलपाणी केलं, सुई बदलली (जुनी कधी घातली होती ते आठवतही नाही, टोक वाकडं झालेलं).

बर्फाचं कापड. उसवणारी ताईचं ऐकून आधी अख्खं भरणावर ठेवलं, पिना लावल्या, एका कोपऱ्यात शिवायला सुरुवात केली, आणि तासाभराने मलाच कळलं की मी नुसती कापडात आहेत त्याच रेषा गिरवतेय. थांबले. रात्री झोप नाही. दुसऱ्या दिवशी पिना काढल्या आणि कापलं. बरोबर मधून नाही, तिसरा पदर, तेवढी हिंमत नाही झाली, एका बाजूने तिसरा हिस्सा. तो हिस्सा सोड्यात भिजवून काळ्याच्या पातळ पाण्यात टाकला, म्हणजे नवव्या दिवशी फळीवरून एक घमेलं खाली आलंच. गुलाबी जाऊन पावसाळी आभाळासारखं झालं, खालून जांभळा जेमतेम दिसतो. तो आता राहिलेल्या अख्ख्याच्या शेजारी भिंतीवर आहे, आणि पहिल्यांदाच गुलाबीकडे नजर जातेय. मधे एक फिकट पट्टी पाहिजे असं वाटतंय, जवळपास पांढरी. ती माझ्याकडे अर्थातच नाही.

पाव टक्क्याच्या खाली कधी रंगवलं नाहीये. किती घेऊ?

उसवणारी

0.05 ने सुरुवात कर आणि कापड नीट ओलं करून, सारखं हलवत. एवढ्या फिक्क्यात चट्टे लगेच दिसतात.

तिसरा_पदर

तिसरा हिस्साही चालेल. फोटो टाका.

टाचणी

मागच्या बाजूचा पण!